विहीणबाईंची पुडी

पहिलं बाळंतपण माहेरी, यावर आमच्याकडं वाद घालायची कुणाची टाप नाही. लेक कितीही शिकलेली असो, कितीही लांब दिलेली असो, दिवस भरत आले की तिला घरी आणायचं म्हणजे आणायचं. माझी लेक तर पार युगांडात. जावई बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला. जालन्यात अर्धी माणसं बियाण्यांवरच जगतात, त्यातलाच हा एक, कंपनीनं उचलून थेट कंपालाला नेऊन ठेवला. तरी माझं सगळं ठरलेलं होतं. मधल्या खोलीला रंग दिला होता, बाजेची नवार बदलून घेतली होती, डिंक आणि अळीव निवडून डब्यात भरून ठेवले होते. आणि एक दिवस सकाळी मी दारात झाडत असताना तिचा फोन आला.

"आई, डॉक्टर विमानात बसू नको म्हणून राह्यले. बाळाची वार खाली आहे म्हणे."

मी म्हटलं, "मंग काय झालं? मी येते तिकडं."

इतकं सहज म्हटलं, जसं काही जवळच्या वाटूरला जाऊन यायचं होतं. खरं म्हणजे तोवर मी विमान फक्त डोक्यावरून जातानाच पाहिलं होतं.

तिकडं ती रडायला लागली. ही माझी लेक रडणाऱ्यातली नाही. लहानपणी गुडघा फोडून घरी आली तरी आधी दप्तर जागेवर ठेवायची आणि मग रक्त दाखवायची. "मला भ्या वाटून राह्यलं गं," ती म्हणाली. "हे दिवसभर शेतावर जातात. इथं कुणाला काय सांगावं, कळत न्हाई. तू नक्की येतेस ना?"

"येते म्हणलं ना!" मी ओरडलेच तिच्यावर. रडू आलं की मी ओरडते. सगळी नोकरी चौथीच्या वर्गावर काढली, पोरांसमोर रडायची सोय नव्हती, त्यामुळं लागलेली ही खोड आहे.

आता माझ्या हातांचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. नोकरीच्या शेवटी शेवटी मला संधिवातानं धरलं. सकाळी बोटं अशी आखडलेली असायची की वेणी घालता येईना, खडू धरता येईना. दवाखाने केले, गोळ्यांनी पोट बिघडलं, मी त्या टाकून दिल्या. मग लेकीच्या सुपारीच्या दिवशी होणाऱ्या विहीणबाईंनी मला चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरताना पाहिलं. विहीणबाई वाटूरच्या. फाट्यावर त्यांचं किराणा दुकान आहे आणि रस्त्याच्या पलीकडच्या गिऱ्हाइकालाही ऐकू जावा असा आवाज आहे. पण त्या दिवशी हळूच म्हणाल्या, "विहीणबाई, माझेबी असेच झाल्ते हात. थांबा." पर्समधून कागदाची पुडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "सकाळ-संध्याकाळ दुधातून घ्या. झाडपाला हाय, काही होत न्हाई."

आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पलीकडं कुठल्याशा वाडीवर एक म्हातारा त्या पुड्या द्यायचा. मी घ्यायला लागले आणि काय सांगू, आठवडाभरात माझी मूठ वळायला लागली! लग्नात रुखवताचे लाडू मी या हातांनी वळले. तेव्हापासून विहीणबाई स्वतःच्या पुड्या आणताना माझ्याही आणायच्या आणि जालन्याला कुणी येणारं असलं की त्याच्याबरोबर पाठवून द्यायच्या. व्याह्यांकडून सगळ्यांना साडी-चोळी मिळते, मला माझे हात मिळाले, असं मी चारचौघींत कौतुकानं सांगायचे.

तर युगांडाला जायचं म्हणजे पिवळ्या तापाची सुई घ्यावी लागते, हे जावयानं सांगितलं. ती घेतल्याचं कार्ड दाखवल्याशिवाय तिथं विमानतळाबाहेर सोडत नाहीत. ती सुई प्रत्येक दवाखान्यात मिळत नाही, ठरावीक केंद्रांवरच मिळते, म्हणून पुण्याची वेळ घेतली. मला त्याचं काहीच वाटलं नाही. कोरोनात रांगा लावून सुया घेतल्याच होत्या की. पण आमच्या ह्यांनी मोबाइलवर वाचलं आणि घरात कालवा झाला.

"अगं, ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात!"

आमचं घर दर रामनवमीला जांब समर्थला जाणारं. अंडं घरात येणं तर सोडाच, शाळेत खिचडीबरोबर अंडी आली तेव्हा मी मुख्याध्यापकांशी भांडून वाढायचं काम दुसऱ्या बाईंना द्यायला लावलं होतं. आणि हे तर माझ्यापेक्षा कडक. लग्नाच्या पंगतीतसुद्धा आचाऱ्याला विचारून ताटावर बसणारे.

"आयुष्यभर पाळलं," हे म्हणाले, "आणि आता म्हातारपणी अंडं टोचून घेणार का?"

"मंग लेकीला काय सांगू? तुझ्या बापाला विटाळ होतो म्हणून मी येत नाही?"

"मी तसं कुठं म्हणलो?"

"म्हणायचं काय राहिलं?"

मग आमचं बोलणं बंद. मी भांडी आपटायची, हे टीव्हीचा आवाज वाढवायचे. पण खरं सांगू का, मनातून मलाही कसंतरी होत होतं. देवापुढं दिवा लावतानाही ते अंडं माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

शेवटी शेजारच्या आपांनी सोडवलं. आमची भिंतीला भिंत आहे, आणि भिंत बुटकी आहे, त्यामुळं आमच्या घरातलं भांडण त्यांना आणि त्यांच्या घरातलं आम्हाला आपसूक कळतं. मागच्या साली त्या मियाँबरोबर हजला जाऊन आल्या होत्या. कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "बाई, हमारे कू बी जाने के पहले सुई लगाए थे. हमारे मियाँ पूछते बैठे, इसमें क्या रहता, चलता क्या नहीं चलता. मैं बोली, जिसके घर कू जा रै हैं उसकू सब मालूम है."

मी आत आले आणि हे वाक्य आमच्या ह्यांना जसंच्या तसं मराठीतून ऐकवलं, आपांचं नाव न सांगता. हे दुसऱ्या दिवशी बाहेर गेले आणि पुण्याच्या गाडीची दोन तिकिटं घेऊन आले.

म्हणजे बघा, आमच्या घराची सगळी अक्कल त्या अंड्यावर खर्च झाली. पुडीची आठवण एकालाही आली नाही. पुण्यात उतरल्यावर हॉटेलात दूध मागवून मी सकाळची पुडी घेतली ती ह्यांच्यासमोरच.

केंद्रावर एक तरुण डॉक्टरीणबाई होती, माझ्या लेकीच्याच वयाची. तिनं वय विचारलं, साठी उलटल्याचं ऐकून जरा थांबली, मग एकेक विचारत गेली.

"अंडं खाल्ल्यावर कधी पुरळ, दम लागणं, असं काही?"

"खाल्लंच न्हाई तर दम कसा लागंल?"

"कधीच नाही? केकमधूनसुद्धा?"

"आमच्याकडं केक बी बिनअंड्याचा असतो," मी म्हटलं. ती हसली. म्हणाली, टोचल्यावर जरा वेळ इथंच बसवून ठेवीन, लक्ष ठेवू. मला हायसं वाटलं. मग तिनं विचारलं, "औषधं काही चालू आहेत?"

"बीपीची एक गोळी. बाकी काही न्हाई."

देवाशपथ सांगते, लपवायचं माझ्या मनातही नव्हतं. औषध म्हणजे जे मेडिकलमधून येतं, पट्टीत असतं, डॉक्टर चिठ्ठीवर लिहितो. पुडी म्हणजे पुडी. हळदीच्या दुधाला कुणी औषध म्हणून सांगतं का?

सही करायला मी पेन धरलं आणि तिची नजर माझ्या बोटांवर गेली. सांधे तर वाकडे झालेलेच होते. "हात कशानं असे झाले, काकू?"

"संधिवात. पण आता बिलकुल त्रास न्हाई. पुडी घेते ना मी!" आणि मी मोठ्या कौतुकानं पर्समधून पुडी काढून तिच्यापुढं धरली.

तिनं ती उलगडली, वास घेतला. माझी बाही वर सरकवली. दंडावर निळे डाग होते, मला वाटायचं कुठंतरी आपटलं असेल. "चेहरा पहिल्यापासून असाच गोल आहे?"

"लेकीच्या लग्नानंतर जरा बाळसं आलं," मी हसत म्हटलं. ती हसली नाही. तिनं नर्सबाईंना लसीची बाटली परत आत ठेवायला सांगितली. मी त्या बाटलीकडं बघत राहिले.

मग तिनं खुर्ची ओढून मला नीट समजावलं. रागावली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, यात काय आहे ते मला माहीत नाही, पण असल्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. दुखणं जादूसारखं थांबतं, पण शरीराची लढायची ताकद दबून जाते. आणि ही लस जिवंत जंतूची आहे. अशक्त केलेला, पण जिवंत. तुमच्या वयाला आधीच जपून द्यावी लागते, त्यात ही पुडी. लसच तुमच्यावर उलटली तर तिला आवरणारं औषध माझ्याकडं नाही. "सुई घेता येत नाही असं सर्टिफिकेट देता येईल, पण ते तिथं मानतील का, ते मी सांगू शकत नाही. आणि तिथला डास काही सर्टिफिकेट बघून सोडणार नाही." उठताना म्हणाली, "पुडी एकदम बंद करू नका, काकू, तेही धोक्याचं. गावात चांगल्या डॉक्टरांना दाखवून हळूहळू कमी करा."

बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो. ह्यांनी मोबाइल काढून काहीतरी शोधलं. मग खाली मान घालून म्हणाले, "मुंबईलाबी केंद्र आहे. तिकडं जाऊ. फक्त पुडीचं नाव काढू नको."

अंड्यासाठी ज्या माणसानं माझ्याशी बोलणं टाकलं, तो मला सरकारी डॉक्टरपुढं खोटं बोलायला सांगत होता. "पोरगी रडून राह्यली गं," हे म्हणाले.

मला मुंबईला जायचं होतं. उगाच साधूपणाचा आव आणत नाही. येताना गाडीत बसल्या बसल्या मी सगळं घोकून ठेवलं, औषध कुठलंच नाही, बोटं लहानपणापासूनच अशी आहेत, बाही खाली ओढून बसायचं. पुडीत काही असेलच कशावरून? आणि मेले तर मेले, असंही मनात आलं. पण मग विचार आला की मरायचं ते कुठं? लेकीच्या दारात? ती ओली बाळंतीण, मांडीवर बाळ, आणि मी तिच्या घरात तापानं फणफणून पडलेली. जिचं करायला गेले तिलाच माझं करायला लावायचं. तिथं माझा जीव अडला तो अडलाच.

जालन्यात एका मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. रक्त तपासलं. साखर वाढलेली, हाडं ठिसूळ होत चाललेली. ते म्हणाले, लक्षणं स्टेरॉइडचीच आहेत, पुडी उतरवत उतरवत सोडवायला महिने जातील, तोवर ती लस नाही. लेकीचे तर दिवस जवळ आले होते. विषय संपला.

मी तिला फोन करून सांगितलं. ती "ठीक आहे" एवढंच म्हणाली. संध्याकाळी परत फोन. "सासूबाई येणार आहेत. त्या वयानं लहान आहेत तुझ्यापेक्षा, सुई मिळंल त्यांना."

मला काय वाटलं ते सांगूनच टाकते. माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण, आणि तिच्या अंगाला तेल लावणार विहीणबाई! माझे डिंकाचे लाडू त्यांच्या बॅगेतून जाणार. त्यांचाही फोन आला, "काळजी करू नका, माझ्या लेकीवाणी बघते तिला." मी गोड बोलले आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन लाडू वळायला बसले. पुडी अर्ध्यावर आणली होती. लाडू वळेनात, हातात फुटायला लागले. त्या फुटक्या लाडवाकडं बघता बघता डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पुडी माझी नव्हतीच. पुडी आधी विहीणबाईंची होती.

त्यांनी किती वर्षं खाल्ली होती, देव जाणे. माझ्यापेक्षा जास्तच.

ह्यांना सांगितलं तर हे हात जोडून उभे राहिले. "गप बस. पाया पडतो तुझ्या. तुला जायला मिळंना म्हणून जळून राह्यली, असंच म्हणतील सगळे. आणि पोरगी तिकडं एकटी पडंल, त्याचं काय?"

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तिथंच तर माझी पंचाईत झाली. मी जळत होते, हे मला माहीत होतं. आता त्यांना अडवायला निघाले तर ते त्यांच्या जिवासाठी की माझ्या जळण्यासाठी, हे माझं मलाच सांगता येईना. आपांजवळ मन मोकळं केलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "बोल के बुरी बनी तो चलता, बाई. चुप बैठ के अच्छी बनी और उनकू कुछ हुआ तो?"

मी वाटूरला फोन लावला. जे डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं तेच सगळं त्यांना सांगितलं.

विहीणबाईंचा आवाज एकदम गार झाला. "म्हणजे माझ्या पुडीनं तुमचं जाणं अडलं, असं म्हणायचंय?"

"तसं न्हाई हो."

"बरे झाले ना हात? का न्हाई झाले?"

"झाले. पण तुम्ही ती सुई घेऊ नका. जिवाला धोका हाय."

"तुमचं जाणं झालं न्हाई, मंग माझंबी होऊ ने. बराबर हाय ना?" त्या म्हणाल्या. "मी ठणठणीत हाय. आणि तिथं पुडीबिडीचं मी काही सांगायची न्हाई." फोन बंद.

मग लेकीचा आला. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "आई, तुला यायचं नव्हतं तर सरळ सांगायचं होतं. सुईला भ्यालीस तू. सगळी दुनिया पुड्या खाते. आता सासूबाईंनाबी अडवून राह्यलीस? इथं मी कशी दिवस काढून राह्यले, कळतं का तुला?"

मी ओरडले नाही, त्या दिवशी मला तेही जमलं नाही. नुसती हूं हूं करत राहिले.

विहीणबाई पुण्याला गेल्या त्या दिवशी मी देवापुढून उठले नाही. काय मागावं हेच कळत नव्हतं. त्यांना सुई मिळू दे म्हणावं की नको म्हणावं? दुपार कलल्यावर त्यांचा फोन आला.

"न्हाई घेतली," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तिनं विचारलं, औषधं काय घेता. मी न्हाई म्हणणारच होते. घरून ठरवून गेल्ते. पण तोंडच उघडंना. पुडी काढली अन् तिच्या टेबलावर ठेवली. म्हणलं, बघा बाई, हे काय हाय ते." मग त्या एकदम लहान आवाजात म्हणाल्या, "आता पोरीचं कोण करंल हो, विहीणबाई?"

आम्ही दोघी फोनवर रडलो. जीव वाचवला म्हणून कुणी कुणाचे आभार मानले नाहीत. त्या पुडीत खरंच काय होतं ते आम्हाला आजही माहीत नाही, म्हातारा वाडी सोडून कुठं गेला कुणास ठाऊक.

पोरगी एकटीच बाळंत झाली. ऑपरेशन झालं, मुलगी झाली. जावयानं रजा काढली, ती किती पुरणार? शेजारची एक तिथलीच बाई वाफवलेली केळी कुस्करून आणून द्यायची, बाळाला अंघोळ घालायची. आम्ही मोबाइलवर बघायचो. लेक फोन लावायची, बाळ दाखवायची, आणि "झोपलीय ती" म्हणून ठेवून द्यायची. एकदा मात्र बोलली. "आई, टाके ओले असताना मी स्वतः उठून पाणी घेत होते. तुला माहीत असावं म्हणून सांगून राह्यले."

इकडं पुडी सुटत गेली तशी माझी बोटं परत आखडत गेली, आणि आधीपेक्षा वाईट. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या, त्या म्हणे सावकाश काम करतात. ब्लाउजची हुकं लावायला मला हे लागायचे. लेकीचा फोन आला की मी मोबाइल डब्याला टेकवून ठेवायचे आणि हात पदराखाली घ्यायचे. ह्यांना, विहीणबाईंना आणि जावयाला ताकीद दिली होती, तिच्यापुढं यातलं अवाक्षर काढायचं नाही. तिच्या डोक्याला आधीच काय कमी होतं?

बाळ बसायला लागल्यावर लेक-जावई जालन्याला आले. विहीणबाई आदल्या दिवशीच वाटूरहून येऊन राहिल्या होत्या. त्यांचीही बोटं माझ्यासारखीच झाली होती. गाडी दारात थांबली, लेक बाळाला घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मी भाकरतुकडा ओवाळायला गेले आणि तुकडा बोटांतून निसटून खाली पडला. मी हसण्यावारी नेलं. हे पुढं झाले, त्यांनी उचलला आणि ओवाळून टाकला.

"घे," लेक म्हणाली आणि तिनं बाळ माझ्यापुढं धरलं. तिच्या चेहऱ्यावर अजून तो राग होता, मी ओळखते ना.

मी हात पुढं केले नाहीत. केले असते तर बाळ पडलं असतं. मी ते पदराखाली घट्ट धरून उभी राहिले.

"आता बी न्हाई का?" ती म्हणाली. तिचा आवाज फाटला. "आई, घे ना तिला! इतकं पण करता येत न्हाई का तुला?"

विहीणबाई मागून म्हणाल्या, "अगं, आईला बोलू नको," आणि पुढं होऊन त्यांनी माझा पदर बाजूला केला.

लेकीनं पाहिलं. मग तिनं बाळ जावयाकडं दिलं आणि तिथंच उंबऱ्यावर बसली.

"हे कधीपास्नं?"

"पुडी सोडल्यापास्नं."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुझे टाके ओले होते," मी म्हटलं.

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बाळ रडायला लागलं तेव्हा विहीणबाईंनीच सगळ्यांना हलवलं. "चला, पाणी तापलंय. नातीची आजोळची पहिली अंघोळ राह्यली हाय. विहीणबाई, पाटावर बसा, पाय लांब करा. अंघोळ घालायला पाय लागतात, ते तर धड हाईत ना तुमचे?"

मी न्हाणीत पाय पसरून बसले. लेकीनं बाळाला माझ्या नडग्यांवर पालथं घातलं. विहीणबाईंनी दोन्ही मनगटांत तांब्या धरून पाणी सोडलं, वाकडंतिकडं, अर्धं माझ्याच अंगावर. बाळाच्या पाठीला तेल लेकच लावत होती. माझ्या पायांवर बाळाची ती एवढीशी पाठ हलत होती आणि मला रडू आवरेना.

बाळाला पुसून विहीणबाई टॉवेलात घेऊन गेल्या. लेक तिथंच बसून राहिली. तिच्या तळव्याला तेल उरलं होतं. तिनं माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बोट चोळायला लागली.

"दुखतं का गं?" तिनं विचारलं.

मी ओरडायला तोंड उघडलं होतं, काही होत न्हाई मला म्हणून.

"दुखतं," मी म्हटलं. "लई दुखतं."